हलके लाकूड आणि आपली पत

राळेगावच्या पंचक्रोशीत वखर, तिफण, डवरा व बैलगाडी ही ज्यांच्या हातून घडली, त्या सुतारकुळांचे आपण वारस आहोत. आपल्या वाडवडिलांनी सागाला व बाभळीला मान दिला. सावर, सालई, मोवई ही लाकडे मात्र हलकी म्हणून दूर ठेवली. ह्यात गर्व नव्हता, अनुभव होता. सागाच्या गाभ्यात निसर्गानेच कीडरोधक द्रव्ये साठविलेली असतात. सावरीत तशी ती नसतात. म्हणून बुरशी, भुंगेरे व वाळवी तिचा लवकर फडशा पाडतात.

निसर्गाने जे दिले नाही ते मनुष्याने द्यावे, ह्या विचारास एकोणिसाव्या शतकात बळ आले. १८३८ साली इंग्लंडात जॉन बेथेल ह्यांनी बंद टाकीत दाब देऊन लाकडात डांबरतेल मुरविण्याचे पेटंट घेतले. रेल्वेचे स्लीपर त्यामुळे टिकू लागले. परंतु ते काळे, उग्र वासाचे लाकूड घरात कोण घेणार? नुसता मोरचूद मुरवावा, तर तो पावसात धुऊन जाई.

ही अडचण एका भारतीयाने सोडविली, ह्याचा आपणांस अभिमान वाटावा. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम ह्यांनी १९३३ साली मोरचूद, सोमलाचे संयुग व डायक्रोमेट ह्यांचे मिश्रण सिद्ध केले. ते 'अ‍ॅस्क्यू' ह्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यातील तांबे बुरशीस रोखते, सोमल वाळवीस. आणि क्रोमियम ह्या दोहोंना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवते. तारांचे खांब ह्याच उपायाने देशोदेशी टिकले.

तथापि सोमल हे विषच होय. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती बांधकामासाठी ह्या मिश्रणाचा वापर बहुतांशी थांबविण्यात आला. असे लाकूड चुलीत कदापि जाळू नये; पाळणा, पाट वा पोळपाट त्याचा करू नये. छपराखालच्या कामास टाकणखार व बोरिक आम्लाचे द्रावण बरे. ओल्या फळ्या त्यात बुडवून झाकून रचल्या, म्हणजे ते हळूहळू आत उतरते. मात्र पावसात ते टिकत नाही.

साग आज सर्वांच्या आवाक्यात राहिलेला नाही. म्हणून हलके लाकूड वापरण्यात कमीपणा नाही. ते तसेच रंगवून सागाच्या नावाने देण्यात आहे. गिऱ्हाइकास लाकूड कोणते व संस्कार कोणता, हे स्पष्ट सांगावे. वाडवडिलांनी मिळविलेली पत लाकडाच्या जातीवर नव्हे, ह्या सचोटीवरच उभी होती.