छावणी कुठे असावी?

मंडळी, शहरात ज्यांना घर नाही त्यांची काहीतरी सोय व्हायला हवी, याबद्दल कोणाचंच दुमत नसतं. भांडण सुरू होतं ते 'कुठे?' या एका प्रश्नावर. आमच्या सोसायटीशेजारी नको, शाळेजवळ नको, बाजारात तर मुळीच नको. मग उरतं काय, तर गावकुसाबाहेरचा माळ. हा आपला फार जुना उपाय आहे आणि पुण्याने तो पूर्वी करून पाहिलेला आहे.

१८९७ च्या प्लेगात घरोघर झडत्या झाल्या, संशयितांना आणि त्यांच्या घरच्यांना उचलून गावाबाहेरच्या छावण्यांत नेलं. लोकांना प्लेगाइतकीच छावणीची धास्ती बसली, आजारी माणसं घरात लपवली जाऊ लागली. पुढे २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. (आम्ही शाळेत चापेकर बंधू शिकवले, पण छावणीत राहिलेल्या माणसांबद्दल पुस्तकात ओळसुद्धा नव्हती.) त्याच साली डॉ. यशवंत फुल्यांनी आणि सावित्रीबाईंनी सासाणे मळ्यात दवाखाना काढला. जागा तीही शहराबाहेरच होती. पण तिथे लोक येत, कारण नेणारी माणसं आपली होती. म्हणजे जागेइतकाच महत्त्वाचा प्रश्न 'चालवतं कोण' हाही आहे, हे मान्य.

पुढची गोष्ट कोल्हापूरकडची. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यातल्या सुमारे पाच हजारांची, त्यातही बहुतेक बायकामुलांची, वसाहत १९४३ मध्ये वळिवड्याला उभी राहिली. बराकी होत्या, पण प्रत्येक कुटुंबाला आपली खोली होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. १९४८ पर्यंत ते लोक निघून गेले आणि त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित आले. आज त्या गावाचं नाव गांधीनगर. कोल्हापूर-सांगलीकडचे लग्नाचा बस्ता बांधायला तिथे जातात, पण ही एकेकाळची छावणी हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे!

आपल्या लोणावळा लोकलच्या वाटेवरचं पिंपरीही तसंच. 'पिंपरी कॅम्प' हे नाव अजून तोंडात आहे. रेल्वे जवळ, मुंबई-पुणे रस्ता जवळ, आणि १९५४ नंतर हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारखे कारखाने आले. हाताला काम मिळालं तशी छावणीची बाजारपेठ झाली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगर झालं, तरी तिथली माणसं पत्ता सांगताना आजही 'कॅम्प नंबर तीन' असंच सांगतात.

आता पानशेत. १२ जुलै १९६१. धरणाचं काम अजून पुरं व्हायचं होतं. सकाळी पानशेत फुटलं, दुपारी खडकवासला. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मी तेव्हा वराळ्याला शाळेत होतो. आमची आत्या नारायण पेठेत राहायची, तिचे यजमान अप्पा बळवंत चौकात पुस्तकबांधणीचं काम करायचे. घर गेलं, माणसं वाचली. आधी एका शाळेत मुक्काम, मग 'हट' मिळाली. निसेन हट म्हणजे अर्धगोल पत्र्याची लष्करी झोपडी. उन्हाळ्यात आत बसवत नसे. 'तात्पुरती सोय आहे' असं आत्याला सांगितलं होतं. ती तात्पुरती सोय काही वर्षं टिकली.

सरकारने काही केलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पूर्वी पुण्याचे आयुक्त राहिलेल्या स. गो. बर्व्यांकडे पुनर्वसनाचं काम दिलं आणि ते झपाट्याने झालं. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या भागांची वाढ त्या पुराशी जोडलेली आहे. पूरग्रस्तांच्या १०३ गृहनिर्माण संस्था झाल्या. जमिनीच्या मालकीचा प्रश्न मात्र पन्नास वर्षांहून अधिक काळ लोंबकळत राहिला, ते वेगळं.

पण एक फरक मला नेहमी जाणवतो. कचेरीतल्या कारकुनाला सायकलवर दोन-तीन मैल जास्त म्हणजे काही नव्हे. ज्याचं दुकान ओट्यावर आणि गिऱ्हाईक गल्लीत, त्याचं काय? कसब्यातला कुंभार, बुरूड, तांबट यांचं घर आणि काम एकच होतं. आत्याचे यजमान रोज पहाटे चालत चौकात जायचे आणि रात्री परत यायचे. शेवटी त्यांनी चौकाजवळच एका कारखान्यात पथारी टाकायला सुरुवात केली, हटमध्ये फक्त रविवारी. घर मिळालेला माणूस कामाच्या जागी उघड्यावर झोपत होता!

आज पुणे स्टेशनच्या बाहेर किंवा पुलाखाली झोपणारी माणसं बघितली की मला तेच आठवतं. हमाली, हॉटेलातली भांडी, लग्नातली वाढपी कामं, सगळी तिथेच मिळतात. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा एक निवारा सांगितला होता, आणि तो शक्यतो बेघरांच्या कामाच्या जागेजवळ असावा असंही म्हटलं होतं. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. म्हणजे एकतीस निवारे. ते कुठे असावेत? माझ्या मते स्टेशनजवळ, मार्केट यार्डाजवळ, ससूनच्या आसपास, सरकारी जमिनीवर.

'मग तिथे गर्दी होईल' असं लोक म्हणतात. अहो, ती माणसं आधीच तिथे आहेत! निवारा त्यांना आणणार नाही, फक्त फुटपाथवरून आत नेईल. तिथे रखवालदार हवा, नोंदवही हवी, बायकांची सोय वेगळी हवी, कुलूप लावता येईल अशी पेटी हवी. आणि 'तात्पुरतं' म्हणून नळ-संडास टाळायचे नाहीत. वळिवडे, पिंपरी, उल्हासनगर, सहकारनगर, यातलं तात्पुरतं काय राहिलं सांगा बरं?

नातेवाईक मंडळींपैकी कोणाकडे आत्याच्या हटचं वाटपपत्र असेल तर जरूर कळवा. त्यावर किती महिन्यांची मुदत लिहिली होती, ते मला बघायचं आहे.