उघडे राउटर
जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड देणे सुरू केले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केल्या. नागपूरलगतच्या हिंगण्यासारख्या भागाला वायफायची वाट मोकळी झाली ती यामुळे. एमआयडीसीतले लहान कारखाने, वानाडोंगरी-डिगडोहच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचा परिसर, अशा ठिकाणी एकच कनेक्शन घेऊन ते अनेकांत वाटून घेणे सोयीचे होते.

वायफायच्या सुरक्षेचा पाया मात्र त्याआधीच ढासळला होता. १९९७ च्या मूळ मानकात ‘वेप’ नावाची कूटपद्धत होती. हवेतून पुरेशी पॅकेट टिपली तर तिची किल्ली शोधता येते, हे २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवून दिले. २००७ पर्यंत हे काम मिनिटाभराच्या आत होऊ लागले. अधिक भक्कम ‘डब्ल्यूपीए-२’ २००४ मध्येच आले होते. पण जुने राउटर वेपवरच चालत राहिले आणि कित्येकांना तर पासवर्डच नव्हता.

याची झळ महाराष्ट्राला २००८ मध्ये बसली. २६ जुलैच्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या कनेक्शनपर्यंत गेला. ऑगस्टमध्ये आलेला असाच दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून, तर सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून गेला होता. असुरक्षित वायफाय हेरून तिथून हे ईमेल पाठवले गेले, असे मुंबई पोलिसांच्या तपासात पुढे आले. आयपी पत्ता कनेक्शन कोणाच्या नावावर आहे एवढेच सांगतो. त्या क्षणी ते कोण वापरत होते, हे सांगत नाही. त्यामुळे ज्याच्या नावाने बिल येते, त्याच्याच दारात पोलीस आधी पोहोचले.

२००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडे वायफाय शोधून मालकांना समज देण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना इंटरनेट कंपन्यांना दिल्या. या उपायांची गरज होतीच. पण भार ग्राहकावर आणि सेवा देणाऱ्यावर आला. राउटर बनवणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही. ही चूक म्हणावी लागेल, कारण पुढचे मोठे दोष यंत्राच्या घडणीतच होते.

ग्राहकाने काळजी घेऊनही काय होऊ शकते, याचा नमुना म्हणजे ‘डब्ल्यूपीएस’. लांबलचक पासवर्ड टाळण्यासाठी राउटरच्या बुडाशी आठ आकडी पिन छापलेला असे. शेवटचा आकडा पडताळणीचा असल्याने एक कोटी शक्यता उरायला हव्या होत्या. राउटर मात्र पहिले चार आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे वेगळे कळवून टाकी. म्हणजे आधी दहा हजार, मग एक हजार, असे फार तर ११,००० प्रयत्न पुरत. श्टेफान फीबोक यांनी हे डिसेंबर २०११ मध्ये उघड केले. पिनची सोय सुरू असेल, तर मुख्य पासवर्ड कितीही अवघड असून उपयोग नव्हता.

दुसरा दोष त्याहून साधा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकले की अनेक राउटरचे सेटिंग उघडते आणि तिथे नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. जोडणी करून देणारा निघून गेला की ते पान सहसा कोणी पुन्हा उघडत नाही. अशाच ठरावीक जोड्यांची यादी घेऊन २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. जुलै २०१७ च्या अखेरीस भारतावर वेळ आली. देशाच्या काही भागांत बीएसएनएलचे हजारो मोडेम बंद पडले. ‘ब्रिकरबॉट’ नावाच्या या हल्ल्याला माहिती चोरायची नव्हती. तो यंत्राची स्मृती पुसून ते निकामी करत होता. ग्राहकांना मोडेम रीसेट करून पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले.

त्यानंतर उत्पादकांकडे बोट वळू लागले. सर्व यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देण्यावर ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी घातली. भारतात दूरसंचार उपकरणांच्या सुरक्षा चाचणीचे निकष ठरवण्याचे काम बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर कम्युनिकेशन सिक्युरिटीकडे आहे. आधीच विकल्या गेलेल्या राउटरचे दोष मात्र या नियमांनी बुजत नाहीत. उत्पादकाने नवे फर्मवेअर देणे थांबवले की त्या यंत्रात पुढे सापडणारी प्रत्येक त्रुटी ते बदलेपर्यंत तशीच राहते.