पळस : कोरड्या रानांचा आधार

फाल्गुनात पानगळीच्या रानातील बहुतेक झाडे निष्पर्ण झालेली असतात, ओढे आटत आलेले असतात आणि गवत वाळलेले असते. नेमक्या याच काळात पळस फुलतो. एकही पान नसलेल्या काळपट फांद्यांवर केशरी फुलांचे घोस लगडतात आणि उजाड माळ दुरूनही उठून दिसतो. या फुलांचे कौतुक सर्वत्र होते. मात्र पळस हा तूर, हरभरा आणि घेवडा यांच्याच कुळातील वृक्ष आहे आणि कोरडवाहू भूभागातील जीवसृष्टीला त्याचा मोठा आधार आहे, याची जाणीव त्या मानाने कमी आढळते.

पळसाचे शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा असे आहे. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘एकबीजी’ असा होतो. पळसाच्या चपट्या, पातळ शेंगेत टोकाजवळ एकच बी असते आणि वाळलेली हलकी शेंग वाऱ्यासोबत दूर जाऊन पडते. फुलाची रचना वाटाण्याच्या फुलासारखी असते. त्यातील वाकडी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी दिसते, म्हणून संस्कृतात त्याला ‘किंशुक’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’, असे नाव मिळाले. पान तीन पर्णिकांचे असते. ‘कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच’ ही मराठी म्हण त्यावरूनच आली. हिंदीतही ‘ढाक के तीन पात’ ही म्हण आहे. मात्र तिचा रोख स्थिती कधीच न बदलण्यावर आहे.

भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंत पळस आढळतो. हिंदी प्रदेशात तो ढाक किंवा टेसू, गुजरातेत खाखरो, तेलुगू भाषक भागात मोदुग, तर कर्नाटकात मुत्तुग म्हणून ओळखला जातो. उत्तर प्रदेश आणि झारखंड या दोन राज्यांनी पळसाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. १७५७ च्या लढाईमुळे इतिहासात नोंदल्या गेलेल्या बंगालमधील पलाशी, म्हणजेच प्लासी, या गावाचे नावही याच वृक्षावरून पडले, असे मानले जाते.

तग धरण्याची क्षमता

काळी चिकण माती, मुरमाड माळ, खारवट जमीन आणि पावसाळ्यात पाणी साचणारे सखल भाग अशा इतर झाडांना न मानवणाऱ्या ठिकाणीही पळस वाढतो. त्याची वाढ संथ असते आणि खोड बहुधा वेडेवाकडे राहते. मात्र तोडल्यानंतर किंवा वणव्यात होरपळल्यानंतरही तो बुंध्यातून आणि मुळांतून पुन्हा फुटतो. गुरे त्याच्या पानांना सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे चराईचा ताण असलेल्या माळावर इतर रोपे नष्ट झाली तरी पळस टिकून राहतो. शिंबावर्गातील अनेक वनस्पतींप्रमाणे त्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. गळालेल्या मोठ्या पानांचे खत होते, तर पसरलेल्या मुळांमुळे माती धरून ठेवली जाते.

भारतातील वनप्रकारांच्या चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये केलेल्या वर्गीकरणात पळसाच्या वनाला स्वतंत्र स्थान आहे. विशिष्ट जमिनीमुळे निर्माण होणारा शुष्क पानगळीच्या वनांचा एक प्रकार म्हणून त्याची नोंद करण्यात आली आहे.

पक्ष्यांचा उन्हाळी अन्नसाठा

रानात मकरंदाची टंचाई असताना पळसाचा बहर येतो. बुलबुल, कोतवाल, मैना, पोपट यांच्यासह हिवाळी पाहुण्या भोरड्यांचे थवे या झाडांवर उतरतात. मात्र फुलावर येणारा प्रत्येक पक्षी परागीभवन करतोच असे नाही. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक पाहुण्यांपैकी जांभळा शिंजीर हा पक्षी आणि पाठीवर पट्टे असलेली खार हे दोघेच प्रभावी परागवाहक असल्याचे आढळले. त्यामुळे नवी रोपे तयार होण्यासाठी नुसती झाडे राखून भागत नाही. त्यांच्या आसपास शिंजीर आणि खारींना आसरा मिळेल असे रानही टिकावे लागते.

लाख, पत्रावळी आणि रंग

पळस हा लाखेच्या किड्याचा एक प्रमुख आश्रयवृक्ष आहे. कोवळ्या फांद्यांतील रस शोषून हे किडे राळेसारखा पदार्थ स्रवतात. तीच लाख होय. पळस आणि बोर या झाडांवर घेतल्या जाणाऱ्या ‘रंगिनी’ लाखेची वर्षाला कतकी आणि बैसाखी अशी दोन पिके निघतात. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश, पश्चिम बंगाल, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भातील वनालगतच्या कुटुंबांना, विशेषतः आदिवासींना, शेतीची कामे नसताना यातून रोख उत्पन्न मिळते. या विषयावरील संशोधनासाठी रांचीजवळील नामकुम येथे १९२४ मध्ये संस्था स्थापन झाली. तिने २०२४ मध्ये शताब्दी साजरी केली.

पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, ‘कमरकस’ नावाने विकला जाणारा डिंक, जंतांवरील पारंपरिक औषध म्हणून ओळखली जाणारी पळसपापडी, मुळांच्या तंतूंचे दोर आणि फुलांपासून मिळणारा होळीचा रंग, असे या झाडाचे अनेक उपयोग आहेत. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी लागू झाली. त्यानंतर पानांच्या पत्रावळीचा पर्याय पुन्हा चर्चेत आला.

‘पडीक’ या शिक्क्याची अडचण

प्रजाती म्हणून पळस आज दुर्मीळ नाही. प्रश्न आहे तो त्याच्या अधिवासाचा. पळस वाढतो ते झुडपी माळ केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातील झुडपी जमिनीच्या वर्गात मोडू शकतात. जमीन एकदा ‘पडीक’ ठरली की प्रकल्पांसाठी किंवा लवकर वाढणाऱ्या झाडांच्या लागवडीसाठी तिचा विचार आधी होतो. संथ वाढणारा आणि इमारती लाकूड न देणारा पळस अशा हिशेबात मागे पडतो. गंगा–यमुनेच्या दुआबात एकेकाळी विस्तृत असलेली ढाकाची जंगले शेतीच्या विस्तारात मोठ्या प्रमाणावर नाहीशी झाली.

पळसाच्या संवर्धनासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. उन्हाळ्यात पिकलेल्या ताज्या बिया पावसाळ्याच्या तोंडावर पेरल्या तर सहज रुजतात. तोडलेल्या बुंध्यांचे फुटवे राखले तरी रान पुन्हा उभे राहते. लाखेसाठी वापरलेल्या झाडांना आलटूनपालटून विश्रांती देणे आणि सणासाठी फांद्या न तोडता खाली पडलेली फुले गोळा करणे, या पद्धतींतून उत्पन्न आणि बहर दोन्ही टिकतात. त्यासाठी मात्र पळसाचा माळ ही रिकामी जागा नसून ते एक प्रकारचे वनच आहे, याची दखल जमिनीच्या नोंदीत घेतली जाणे आवश्यक आहे.