पाच माकडं का चालली नाहीत?

क्वाड्रॅटिक फंक्शनचं डोमेन विचारलं की आपण डोळे मिटून (−∞, ∞) लिहितो. बरोबरच आहे, वर्ग कुठल्याही वास्तव संख्येचा करता येतो.

आता ११५० सालचं एक कोडं बघा. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलं. माकडांच्या कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली, एक झाडावर दिसतंय. एकूण किती?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष. उत्तरं दोन: ५० आणि ५.

पन्नास लगेच पटतं. दहातून तीन गेले सात, सातचा वर्ग ४९, वर एक. पाच घेतले तर मात्र एकातून तीन जातात आणि उरतात −२. वर्ग केला की ४. उणे चिन्ह पुसलं जातं आणि समीकरण जुळतं.

तरी भास्कराचार्यांनी पाच नाकारलं. ऋण संख्या त्यांना नीट ठाऊक होत्या. पण प्रत्यक्षातली ऋण वस्तू लोकांना पटत नाही, हे त्यांचं कारण.

आजच्या भाषेत हे डोमेन [१५, ∞), आणि त्यातल्याही फक्त पाचाच्या पटी. १५ ला कंसातली किंमत शून्य होते, ती चालते, म्हणून चौकोनी कंस. अनंतापाशी गोल. यातलं ∞ हे चिन्ह जॉन वॉलिस यांनी १६५५ मध्ये आणलं.

मी कोड लिहितो. इनपुटची मर्यादा घातली नाही, तर माझं फंक्शनही पाच माकडं बिनतक्रार मान्य करेल.