जायफळाचा मक्ता

स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या जिनसांत जायफळाचा मान थोडा निराळा आहे. हळद-मोहरीसारखे ते रोज हाताला लागत नाही. पुरण शिजले, श्रीखंडाचा चक्का फेटून झाला, की चिमूटभर किसायचे आणि पुन्हा डबीत ठेवून द्यायचे. एवढ्याशा वस्तूसाठी आरमारे निघाली आणि बेटे ओस पडली असे सांगितले, तर कोणालाही ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु सतराव्या शतकात तसे घडलेले आहे. देशोदेशींच्या मसाल्यांचा परिचय करून देताना त्यांचे गुणधर्म आणि उपयोग सांगण्याची रीत आहे. आम्ही आज एकाच जिनसाची हकीकत सांगणार आहोत. जायफळ एके काळी सोन्याच्या मोलाचे का झाले, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

जायफळ आणि जायपत्री ही एकाच फळाची दोन अंगे. फळ पिकले की उकलते आणि आत लाल जाळीदार वेष्टनाची काळसर बी दिसते. वेष्टन वाळले की ती जायपत्री. बीचे कवच फोडून आतला गर काढला की ते जायफळ. हे झाड मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांचे. मोलुक्का द्वीपसमूहातली ही दहा-अकरा चिमुकली बेटे. त्यांतले रून हे बेट तर सुमारे तीन किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद, म्हणजे एखाद्या गावाच्या शिवाराएवढे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत साऱ्या जगाला जायफळ पुरवणारी भूमी काय ती एवढीच होती.

म्हणून ते दुर्मीळ होते, असे मात्र समजू नये. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत ‘जातीफल’ आहे. अर्थात इतक्या दूरचा हा माल शतकानुशतके आपल्याकडे येत होता. बांदात राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणजे गावोगावची प्रतिष्ठित माणसे कारभार पाहत. बेटांवर धान्य पुरेसे पिकत नसे. म्हणून बाहेरून तांदूळ, साबुदाणा आणि गुजरात व कोरोमंडलचे कापड घ्यायचे, आणि जो बरा मोबदला देईल त्याला जायफळ विकायचे, हा त्यांचा रिवाज होता. १५११ मध्ये मलाक्का जिंकून पोर्तुगीज १५१२ साली बांदाला पोहोचले. पण तेथे त्यांचे पाय रोवले गेले नाहीत.

डच, म्हणजे आपल्या बखरींतले वलंदाज, वेगळा हेतू घेऊन आले. १६०२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीला जायफळाचा मक्ता हवा होता. सर्व माल आम्हालाच आणि आम्ही ठरवू त्या दराने विकावा, असे करार तिने पुढे केले. बांदाच्या लोकांना ते मानवणे शक्य नव्हते. १६०९ साली नेइरा बेटावर किल्ला बांधू लागलेला डच सेनानी व्हेरहूफ मारला गेला. त्याच्या ताफ्यात यान पीटरझोन कून नावाचा एक तरुण व्यापारी होता. पुढे गव्हर्नर-जनरल होऊन तोच १६२१ साली मोठे आरमार घेऊन बांदावर चालून आला. ८ मे रोजी ४४ ओरांग काया जपानी भाडोत्री शिपायांकरवी ठार करण्यात आले. बेटांची वस्ती त्यापूर्वी १५,००० च्या आसपास असावी असा अंदाज आहे. काही लढाईत पडले, काही डोंगरात उपासमारीने मेले, कित्येकांना गुलाम म्हणून बाताव्हियाला नेले, काही होड्यांतून पळून गेले. बेटांवर हजारभर माणसे उरली.

जमिनीचे ६८ भाग पाडून ते डच बागाईतदारांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. पण मनुष्यबळ आणले तरी विद्या कोठून आणणार? जायफळाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे पाच-सात वर्षे, कोणते कोणते हे कळत नाही. कोवळ्या झाडांना मोठ्या वृक्षांची सावली धरावी लागते. हे सारे नव्या मजुरांना शिकवायला उरल्यासुरल्या बांदावासीयांचीच गरज पडली. ज्यांना कंपनीने मुळासकट उपटले, त्यांच्या ज्ञानावाचून तिच्या बागा चालेनात.

रून बेटावर १६१६ पासून नॅथनिएल कोर्टहोप हा इंग्रज मूठभर माणसांनिशी डचांना तोंड देत राहिला; १६२० साली तो मारला गेला. पुढे १६६७ च्या ब्रेडाच्या तहात रून डचांकडे राहिले, आणि इंग्रजांनी तीन वर्षांपूर्वी घेतलेले न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, इंग्रजांकडे. हा सरळ अदलाबदलीचा सौदा होता असे अनेकदा सांगतात. वस्तुतः ज्याच्या हाती जे आहे ते त्याने ठेवावे, एवढाच त्याचा अर्थ होता. तरीही त्या वेळी आपण फसलो असे डचांना वाटले नाही, यातच जायफळाची किंमत कळते.

बी दुसरीकडे रुजू नये म्हणून जायफळे चुन्याच्या निवळीत बुडवून पाठवीत. पण जायपत्रीच्या लोभाने अख्खी बी गिळून ती दूर टाकणाऱ्या रानकबुतरांवर कोणाची सत्ता चालणार? माणसेही स्वस्थ बसली नाहीत. मॉरिशसचा फ्रेंच कारभारी प्येर प्वाव्र याने १७७० च्या सुमारास गुप्तपणे रोपे मिळवली. १७९६ मध्ये बांदा काही काळ इंग्रजांच्या हाती गेले, तेव्हा त्यांनीही पेनांग आदी ठिकाणी रोपे नेली. १८४३ साली जायफळ कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडाला पोहोचले, आणि १९७४ साली स्वतंत्र झालेल्या त्या देशाच्या ध्वजावर ते झळकले. आपल्या कोकणात आणि गोव्यात नारळी-पोफळीच्या सावलीत त्याची झाडे आहेत. इतक्या ठिकाणी सुखाने वाढणारे झाड दुर्मीळ कसे म्हणावे? ते दुर्मीळ ठेवले गेले होते, आणि त्याची किंमत खाणाऱ्याने नव्हे, पिकवणाऱ्याने मोजली.

१९३६ साली डच सरकारने मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरीर या स्वातंत्र्यवीरांना ह्याच बांदात हद्दपार करून ठेवले. १९४५ मध्ये हत्ता इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्रपती झाले आणि शाहरीर पहिले पंतप्रधान. बांदातल्या एका बेटाला आज हत्तांचे नाव आहे.

आणि १६२१ साली होड्यांतून पळालेल्यांचे काय झाले? त्यांच्यातले काही पूर्वेकडच्या कै बेटांवर स्थिरावले. बांदाची जुनी भाषा आजही तेथे बोलली जाते. ज्या बेटांवर ती जन्मली, तेथे जायफळाची झाडे आहेत, भाषा मात्र नाही.