बालकवितेतला कवी

बालकविता म्हणजे कवीने फावल्या वेळात केलेले लेखन, असा समज उर्दूत आहे तसा मराठीतही आहे. समीक्षक तिची दखल घेत नाहीत आणि शाळांतून ती फक्त पाठ करून घेतली जाते. वास्तविक कवीचे मन तिथेच अधिक स्पष्ट दिसते, कारण मुलांपुढे शब्दांचा आडपडदा चालत नाही. उर्दूतील दोन कवींच्या आधारे आम्ही हे म्हणत आहोत.

मौलवी इस्माईल मेरठी (१८४४-१९१७) पेशाने शिक्षक. १० मे १८५७ रोजी मेरठच्या छावणीत उठाव झाला, तेव्हा ते अवघे बारा वर्षांचे होते. पुढच्या पडझडीच्या काळात सर सय्यद, हाली यांनी समाजाला तालीमकडे वळवले. मेरठींनी मुलांसाठी उर्दूची क्रमिक पुस्तके लिहिली. पण त्यांच्या बालकवितेत मातम नाही. ‘पनचक्की’ न थकता फिरत राहते. ‘हमारी गाय’मध्ये दुधाआधी निर्मात्याचे आभार येतात. ‘बारिश का पहला क़तरा’मध्ये सारे थेंब कचरत असताना एक थेंब हिंमत करतो आणि मग बाकीचे त्याच्यामागे येतात. कष्ट, शुक्र आणि पहिले पाऊल, हाच या शिक्षकाचा स्वभाव होता.

अल्लामा इक्बाल (१८७७-१९३८) यांचा पिंड वेगळा. ‘बांग-ए-दरा’ (१९२४) या संग्रहातील त्यांच्या बऱ्याच बालकविता इंग्रजीवरून घेतलेल्या आहेत आणि तशी नोंदही तिथे आहे. मग त्यांत इक्बाल कुठे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर ‘हमदर्दी’त आहे. विल्यम कूपरच्या मूळ कवितेत भुकेला बुलबुल काजव्याला खायला निघतो आणि काजवा युक्तिवाद करून जीव वाचवतो. इक्बालांच्या कवितेत भूक नाही, शिकार नाही. अंधार पडला, घरट्याची वाट दिसत नाही, म्हणून बुलबुल उदास बसला आहे. काजवा आपणहून उजेड घेऊन पुढे येतो. कथा उसनी असेल, पण हा अंधार आणि ही तळमळ इक्बालांची स्वतःची आहे. ‘परिंदे की फ़रियाद’मधला पिंजऱ्यातला पक्षी बागेच्या आठवणीने व्याकुळ होतो, तोही याच मनाचा.

मेरठी मुलाला कामाला लावतात, इक्बाल त्याला बेचैन करतात. दोघांचा हेतू इस्लाहचा, म्हणजे सुधारणेचा. पण भावना ज्याची त्याची. म्हणून या कवितांखाली केवळ ‘तात्पर्य’ लिहून थांबणे कवीवर आणि मुलांवरही अन्याय करणारे आहे. बुलबुल उदास का, पहिला थेंब धजावला कसा, हे मुलांना विचारले पाहिजे. उत्तर शोधताना त्यांना कवी भेटेल. आज आपली मुले मराठी, इंग्रजी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांत विखुरली आहेत. त्यांना हा वारसा मराठीतून समजावून देण्याची जबाबदारी आपलीच आहे, असे आम्हांस वाटते.