वर्क फ्रॉम होम करताना फोकस मोड कसा वापरायचा?

घरून काम करताना ऑफिसचा आणि घरचा फोन एकच असतो. क्लायंटचा मेसेज बघायला मोबाइल हातात घेतो आणि अर्धा तास रील्समध्ये जातो. मग राहिलेलं काम रात्री जागून संपवावं लागतं. अँड्रॉइडमध्ये यासाठी २०१९ पासून फोकस मोड आहे.

सुरू कसा करायचा? सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा, फोकस मोडवर टॅप करा आणि ज्या ॲप्समध्ये वेळ जातो ती निवडा. मोड चालू असेपर्यंत ती ॲप्स उघडत नाहीत आणि त्यांची नोटिफिकेशन्सही येत नाहीत. साधे फोन कॉल मात्र येत राहतात. कामाचे वार आणि वेळ शेड्यूलमध्ये टाकली, की मोड आपोआप सुरू होतो. (काही कंपन्यांच्या फोनमध्ये मेनूची नावं थोडी वेगळी असतात.)

डू नॉट डिस्टर्बपेक्षा वेगळं काय? त्यात फक्त रिंग आणि नोटिफिकेशन्स शांत होतात, ॲप उघडायला मोकळंच राहतं.

हे लक्षात ठेवा: ऑफिसचा ग्रुप व्हॉट्सॲपवर असेल तर ते ॲप यादीत टाकू नका, नाहीतर कामाचे मेसेजही अडकतील. त्याऐवजी मित्रांचे आणि नातेवाइकांचे ग्रुप ८ तासांसाठी म्यूट करा. शिफ्ट संपेपर्यंत तेवढं पुरतं.